गाव लांब उभं होतं

संपादकांचा फोन आला, "मॅडम, रुग्णवाहिकेवरच्या काही हृद्य आठवणी लिहा." मी म्हटलं, माझ्याकडे हृदयाच्या आठवणी आहेत, हृद्य फारशा नाहीत. ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

सरकारी रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली. अंबाजोगाई, परळी, सिरसाळा, माजलगाव या पट्ट्यातले खड्डे मला नावानिशी ठाऊक आहेत. माझी पदवी आयुर्वेदाची. त्यामुळे "म्हणजे तुमी खऱ्या डॉक्टर न्हाई का?" असं पेशंटच्या उशाशी उभं राहून विचारणारे महाभागही पुष्कळ भेटले. पेशंट निळा पडत चाललेला असायचा आणि ह्यांना माझ्या पदवीची पडलेली असायची. आता नोकरी सुटली तरी लोक सुटले नाहीत. लग्नकार्यात गाठून विचारतात, "कोरोनात लई माणसं मेलेली बघितली असतील ना?" विचारताना डोळ्यांत चमक असते. त्यांना मेलेल्यांच्या गोष्टी हव्या असतात. मी आज एका जगलेल्या माणसाची सांगणार आहे. गावाची अब्रू तिच्यातच जास्त गेली.

त्याआधी आमचं काम थोडं समजावून सांगते. हृदयाचा झटका वेगळा आणि हृदय बंद पडणं वेगळं. झटका आलेला माणूस छाती चोळतो, घाम पुसतो, "ॲसिडिटी झाली असंल" म्हणतो. हृदय बंद पडलेला माणूस काही म्हणत नाही. तो कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो, नाहीतर पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मध्येच एखादा आचका देतो. मेंदूला रक्त मिळेनासं झालं की तो लगेच मरायला लागतो, त्यामुळे पुढची थोडी मिनिटं काय ती त्या माणसाची. त्या मिनिटांत आम्ही पोचत नाही. आमच्या रस्त्यांवरून पाखरू आलं तरी पोचणार नाही. म्हणून जो कुणी जवळ असेल त्यानं तळहातावर तळहात ठेवून छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबत राहायचं. बंद पडलेला पंप हातानं चालवायचा, एवढंच. त्याला पदवी लागत नाही. लागतात ते हात, आणि नेमके तेच आपल्याकडे महाग.

कोरोनाच्या आधी माणूस पडला की गर्दी तुटून पडायची. कुणी नाकाला कांदा लावायचा, कुणी चप्पल हुंगवायचा, कुणी दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा घालायचा, आणि एखादा शहाणा बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचा. माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी एक हमाल पाण्यानं ओलाचिंब झालेला पाहिलाय. त्याच्यावर घागरी रिकाम्या झाल्या होत्या, पण छातीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. कोरोना आला आणि ती गर्दी गेली. तोवर पडलेल्या माणसाला गर्दी मारायची, आता रिकामी जागा मारायला लागली.

विषाणूची करणी दोन जागी चालायची. एक शरीराच्या आत. फुप्फुसं भरून यायची, रक्तातला प्राणवायू उतरत जायचा, गुठळ्या व्हायच्या, कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज यायची. असं दमून दमून बंद पडलेलं हृदय आमच्या यंत्रावर सरळ रेघ दाखवतं. सरळ रेघेला सिनेमातल्यासारखा शॉक देऊन काही होत नाही. शॉक उपयोगी पडतो तो नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला, आणि त्या दिवसांत आम्हाला थरथर कमी दिसायची, रेघच जास्त. दुसरी करणी शरीराच्या बाहेर. नाव फुटेल म्हणून लोक उशिरा फोन करायचे. आम्हाला तो प्लास्टिकचा पोशाख चढवावा लागायचा. आणि आम्ही पोचेपर्यंत पेशंटला कुणी हात लावलेला नसायचा. एका वस्तीवर तर घरच्यांनी म्हाताऱ्याला आत ठेवून बाहेरून कडी लावलेली मी स्वतः काढली. आत गेले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आतलं काम विषाणूचं होतं, बाहेरचं आपलं. बाहेरच्या कामात आपण त्याला काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही.

आता ती गोष्ट.

दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. सिरसाळ्याच्या अलीकडचं एक गाव. नाव देत नाही, कारण दिलं तर बाकीच्या गावांना वाटेल की आपण सुटलो. त्या गावात रंगनाथ गुरुजी राहायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. अर्ध्या गावानं त्यांच्या छडीखाली बाराखडी गिरवलेली. बायको वारलेली, मुलगा दत्ता गावातच खतबियाण्याचं दुकान चालवायचा, सून मंगल घरी ब्लाऊज शिवायची. घर जुन्या वळणाचं. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. ती स्वयंपाकघरातून भिंतीला सांगायची, "चहा ठेवलाय म्हणावं." गुरुजी ओसरीवरून भिंतीला सांगायचे, "साखर कमी टाक म्हणावं." भिंतीनं बिचारीनं वर्षानुवर्षं निरोप पोचवले.

गुरुजींना ताप येऊन बरेच दिवस झाले होते. दत्तानं तपासणी करू दिली नाही. रुग्णांच्या यादीत नाव लागलं की दुकानाला कुलूप लागेल ही भीती. तापाच्या गोळ्या आणि मोबाईलवर आलेला काढा एवढ्यावर भागवणं चालू होतं. त्या सकाळी ग्रामपंचायतीसमोर लसीची नोंदणी होती. गुरुजींचा शिस्तीवर विश्वास, तापलेल्या अंगानंच निघाले. दत्ता सोबत गेला. काही न खाता गेले म्हणून मंगल पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन मागोमाग गेली.

पंचायतीसमोर गुरुजी खोकले, भिंतीला धरायला हात पुढं केला आणि भिंतीपर्यंत न पोचता खाली आले.

लगेच सगळे मागं सरकले. गावचे माजी सरपंच बप्पा तिथं होते. बप्पांच्या शब्दाबाहेर गावात पान हलत नसे. ते ओरडले, "शिवू नगा रे! कुणी शिवू नगा!"

हे शब्द मी नंतर फोनवर ऐकले, कारण ते ओरडणं थांबत नव्हतं. माझ्या वडिलांनी त्यांच्या लहानपणी हे शब्द विहिरीवर, देवळापाशी, शाळेच्या पायरीवर ऐकले होते. धम्मदीक्षा घेतल्यावर ते म्हणायचे, आपल्या पोरांच्या कानांना हे आता ऐकावं लागणार नाही. लागलं. फरक एवढाच की या वेळी ते गावानं आपल्याच गुरुजींसाठी वापरले.

मंगलनं रुग्णवाहिकेला फोन लावला. नियंत्रण कक्षानं तिचं नाव सांगून तो माझ्याकडे जोडून दिला. आमची गाडी परळीहून एका पेशंटला सोडून सिरसाळ्याच्या रस्त्याला होती.

"मॅडम, आमचे मामा पडलेत." आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते.

"श्वास चालू आहे का?"

"मधीच एक आचका देतेत."

"खांदे हलवून बघ. ओ देतात का?"

ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्यात सासऱ्याला हात लावत न्हाईत."

"तिथं पुरुष माणूस कुणी आहे का?"

"लई हायेत. समदे लांब उभे हायेत."

"तुझा नवरा?"

"ते बी."

ते "ते बी" तिनं ज्या आवाजात म्हटलं, तो मला अजून ऐकू येतो. त्यात तक्रार नव्हती. ती फक्त मला तिथली परिस्थिती सांगत होती.

मी म्हटलं, "मंगल, ऐक. तू हात लावला नाहीस तर ते आत्ता जातील. लावलास तर कदाचित राहतील. फोन स्पीकरवर टाक आणि खाली ठेव. त्यांच्या खांद्यावर टॉवेल असेल तो नाकातोंडावर टाक, म्हणजे तुलाही धोका कमी. मग गुडघ्यावर बस."

थोडा वेळ नुसती खरखर. नंतर कळलं की तिनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला होता. सगळ्या गावासमोर.

"हात ताठ ठेव. छातीच्या मधोमध दाब. जोरात."

"काहीतरी मोडल्यावानी वाजलं, मॅडम!"

"वाजू दे. बरगडी भरून येते. थांबू नको."

मग मी गाडीत बसून मोठ्यानं ताल मोजायला लागले आणि ती तिकडं दाबायला लागली. मोजता मोजता मी तो प्लास्टिकचा पोशाख अंगावर ओढत होते. मागून गावाचा आवाज येत होता. "आगं ए, काय करायलीस!" एक बाई म्हणाली, "बघा बया, सासऱ्याच्या उरावर बसली!" कुणीतरी हसलं. माणूस मरत असताना हसता येणं ही एक कलाच म्हणायची, आणि आपल्याकडे तिचे कलावंत गावोगाव आहेत.

मी ओरडले, "मंगल, दमशील. दुसऱ्या कुणाला तरी बोलव."

ती किंचाळली, "आवं, या की कुणीतरी! मला होईना!"

कुणी आलं नाही. दत्ताचा आवाज आला, "आगं सोड, तुलाबी हुईल! ॲम्ब्युलन्स यायलीय ना!" बायकोची काळजी होती त्याला, नव्हती असं नाही. बापाची कुठं गेली होती, ते त्यालाच ठाऊक. मंगलनं सोडलं नाही. तिची धाप मला ऐकू येत होती, आणि धापेच्या मध्ये तालही.

गावाच्या वेशीवर आम्हाला ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावलेली दिसली. कोरोनाला रोखायला बप्पांनी केलेली ती तटबंदी. तिच्यापुढं बप्पांचे दोन कार्यकर्ते पाठीवर कापसाला औषध मारायचे फवारणी पंप लावून उभे होते.

"गाडी फवारल्याबिगर आत सोडायची न्हाई. बप्पांची ऑर्डर हाय."

"अरे, माणूस मरतोय आत!"

"म्हणूनच तर, मॅडम."

आणि त्यानं खरंच फवारायला सुरुवात केली. चाकं, काचा, वरचा दिवा. मुजीबभाई माझे चालक. नमाजी, अत्यंत सभ्य माणूस, गाडीत कधी शिवी ऐकू दिली नाही. त्यांनी त्या दिवशी एक दिली. मग मला म्हणाले, "मॅडम, ह्यांना समजावत बसलो तर पेशंट खलास. तुम्ही मशीन घेऊन पळा, गाडी मी आणतो." मी शॉकचं यंत्र आणि पिशवी उचलून त्या प्लास्टिकच्या पोशाखात, एप्रिलच्या उन्हात पळत सुटले. मागं वळून पाहिलं तर मुजीबभाई ट्रॅक्टरवर चढून बसले होते आणि ट्रॉली ओढून बाजूला घेत होते. पंपवाले त्यांच्यावर फवारत होते.

पंचायतीसमोर डोंबाऱ्याच्या खेळाला उभं राहावं तसं गाव गोल करून उभं होतं. फक्त गोल फार मोठा होता. मोबाईल वर धरलेले. मधोमध गुरुजी, आणि त्यांच्यावर वाकलेली मंगल. केस सुटलेले, बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलेलं, आणि दाबणं चालूच. मी खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा तिचे हात हवेतही खालीवर होत होते.

यंत्राच्या पट्ट्या छातीला चिकटवल्या. मी सरळ रेघेची तयारी ठेवली होती. पडद्यावर थरथर दिसली. त्या उन्हाळ्यात मला इतका आनंद दुसऱ्या कशानं झाला नसेल. पहिल्या शॉकनं काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा शॉक. पुन्हा दाबलं, आणि मग मानेपाशी बोटाखाली नाडी लागली. अगदी बारीक, पण लागली.

"जिवंत आहेत," मी म्हटलं.

हे ऐकल्यावर बप्पा एक पाऊल पुढं आले आणि कडाडले, "बघता काय बे, उचला गुरुजींना!" कुणी हललं नाही. बप्पाही नाही. तोवर मुजीबभाई गाडी घेऊन आले होते, स्ट्रेचर मी, त्यांनी आणि मंगलनं उचललं. चौथा कोपरा लोंबकळत होता, तोही मंगलनंच धरला. दत्तानं सलाईनची बाटली धरली. हात लांब करून, अंतर राखून.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवसांत जमिनीवरही जागा नव्हती, पण तिथल्या डॉक्टरांनी गुरुजींना जागा काढली. हृदयाला सूज होती, फुप्फुसं भरलेली. बरेच दिवस ते श्वासाच्या यंत्रावर होते. अशा पेशंटांतले फार थोडे घरी जातात, हे मला माहीत होतं. म्हणून मी रोज विचारायलाही घाबरत असे.

मंगललाही कोरोना निघाला. तिला गावातल्या शाळेच्या एका खोलीत ठेवलं. डबा दारात ठेवून माणूस पळून जायचा. आणि बाहेर तो व्हिडिओ फिरत होता. कुणीतरी त्याला लावणीच्या चालीचं गाणं जोडलं होतं. परळीपासून माजलगावपर्यंत रिकामटेकड्यांनी तो पाहिला. ऑक्सिजनची टाकी मिळत नव्हती, पण हे मात्र घरोघर पोचलं. तिच्या माहेरीही गेला. दत्तानं तिला फोन केला तो तब्येत विचारायला नव्हे. म्हणाला, "तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."

तिनं मला फोन केला. "मामा कसे हायेत?" असं आधी विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, मी चुकलेय का?"

आयुष्यात मी पुष्कळ संतापले आहे, पण त्या प्रश्नाइतकं मला कशानंच पेटवलं नाही. मी म्हटलं, "मंगल, त्या गावात त्या दिवशी एकच माणूस होतं. बाकी सगळे प्रेक्षक होते." ती रडली. मीही रडले, पण तिला कळू दिलं नाही.

गुरुजी जगले. वजन निम्मं झालं, आवाज खोल गेला, पण डोकं शाबूत राहिलं. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "मेंदू वाचला, कारण कुणीतरी न थांबता दाबलं." गुरुजींनी विचारलं, "कोणी?" दत्तानं खाली बघत सांगितलं, "मंगलनं." मंगल बरी होऊन पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा खाटेवरून गुरुजी थेट तिच्याशी बोलले. "बस," म्हणाले. ती बसली नाही, सवय नव्हती. तर त्यांनी हात धरून बसवलं.

लाट ओसरली आणि गावाला कृतज्ञतेची उबळ आली. पंचायतीसमोर मांडव पडला, 'कोरोना योद्ध्यांचा सत्कार'. बॅनरवर बप्पांचा फोटो टाचेपासून टोपीपर्यंत, खाली इतर पुरुष मंडळी डाकतिकिटाएवढी. मला आणि मुजीबभाईंना बोलावणं होतं. पंप मारणाऱ्या त्या दोघांचाही सत्कार होता. मंगल कुठं दिसेना. विचारलं तर एक कार्यकर्ता म्हणाला, "बायका घरी हायेत, मॅडम. स्वयंपाक त्यांच्याकडंच हाय ना."

बप्पांनी भाषण केलं. "गावाच्या एकजुटीनं आपण गुरुजींना यमाच्या दारातनं वापस आणलं." टाळ्या पडल्या. मी मुजीबभाईंकडे पाहिलं. ते मांडवाचं कापड निरखत होते.

मग गुरुजींच्या हातात माइक दिला. आभार मानतील अशी अपेक्षा. ते खुर्चीवर बसूनच बोलले.

"मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. पण तुम्ही काढलेला व्हिडिओ मी पाहिला. नीट पाहिला. मास्तर आहे, वर्गात कोण कुठं बसलंय ते बघायची खोड जात नाही. आता हजेरी घेतो."

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत.

"हनुमंत."

पिकल्या मिशांचा एक गृहस्थ जुन्या सवयीनं उभा राहिला. "हजर, गुरुजी."

"उजवीकडून पहिला. हातात मोबाईल. बस. लक्ष्मण."

"हजर."

"हसत होतास. बस. बाबुराव."

आता कुणी हसत नव्हतं. नाव येईल तो उठत होता, मान खाली घालत होता, बसत होता. शेवटी गुरुजी स्टेजवरच्या पाहुण्यांकडे वळले. "बप्पा, तुम्ही माझ्या वर्गात नव्हता. पण व्हिडिओत आहात." माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"दत्ता रंगनाथ."

मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला दत्ता खांब सोडून सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "हजर, बाबा."

गुरुजींनी सत्काराची शाल खुर्चीवर ठेवली आणि उठून घराकडं चालायला लागले. एवढं झाल्यावर एखादा शरमेनं गप्प बसला असता. बप्पांनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "गुरुजींचा विनोदी स्वभाव अजून शाबूत हाय, मंडळी! जेवल्याबिगर कुणी जाऊ नगा!" आणि मंडळी जेवायला बसली.

मी जेवले नाही. मुजीबभाईंना घेऊन गुरुजींच्या घरी गेले. मंगल शिलाई मशीनवर होती. गुरुजी ओसरीवर आडवे झाले होते. दत्ता आमच्या मागोमाग आला आणि काही न बोलता पाणी भरायला लागला. ते त्यांचं घर, त्यांचा हिशेब. त्यात मी पडले नाही. कुठल्याही गावाला एका दुपारीत अक्कल येत नाही हे मला नोकरीनं शिकवलंय. फक्त जाता जाता राहवलं नाही म्हणून मंगलला विचारलं, "पुन्हा कुणी असं पडलं तर करशील का गं?"

"करीन की."

"बप्पा पडले तर?"

तिनं सुईत दोरा ओवला, मशीनचं चाक हातानं फिरवून बघितलं आणि म्हणाली, "सोडते का काय, मॅडम. त्यांना तर लई जोरात दाबीन."

ओसरीवरून गुरुजींच्या हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, बरगड्या दुखल्यामुळे, कण्हण्याचा.